गौराबाईंचा आवाज कुणी नेला?

१

सास्तूरच्या मल्लिनाथ बिराजदारांच्या घरातून मेलेल्या बाईचा आवाज चोरीला गेला होता, आणि चोर कोण हेही घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. दारात एक भरलेली बॅग उभी होती. बॅग सुनेची होती.

शिवकांता उमरग्याहून एसटीनं आली तेव्हा मांडववाले दोऱ्या ताणत होते आणि आचारी चुलीच्या जागेवरून भांडत होता. उद्या गौराबाईंचं पहिलं पुण्यस्मरण. गौराबाई म्हणजे शिवकांताची थोरली बहीण, तिची अक्का. शिवकांता स्वतः पोलीस खात्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेली. पण एका जागी बूड टेकायचं म्हणजे या बाईला अजून शिक्षाच वाटायची. एसटीतसुद्धा ती अर्धा रस्ता उभीच होती, आणि जागा मिळत होती बरं का.

"बर्री, मावशी, बर्री," राजशेखर म्हणाला. म्हणजे या. पण तोंड असं, की या म्हणतोय का जा म्हणतोय तेच कळू नये. राजशेखर हा गौराबाईंचा एकुलता एक मुलगा. खताचं दुकान चालवतो, आणि दुकानापेक्षा जास्त जीव त्याचा घरातल्या म्युझिक सिस्टीमवर.

आत मल्लिनाथ खुर्चीत बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळे तांबारलेले.

"शिवकांता, तुझी अक्का दुसऱ्यांदा गेली," ते म्हणाले.

"दाजी, असं कोड्यात नका बोलू. काय झालंय ते सांगा."

मल्लिनाथांनी रिमोट दाबला. पेटी सुरू झाली, मग तबला आणि टाळ. शिवकांताला ही रेकॉर्ड पाठ होती. अक्का फार गोड गायची, शिवाची पदं, कानडीतली आणि मराठीतलीही. सोलापूरच्या एका स्टुडिओत ती रेकॉर्ड केली होती. पेटी थांबली, की अक्का सुरू होते.

पेटी थांबली. तबला चालू राहिला, टाळ चालू राहिले, आणि अक्का काही आली नाही. कुठून तरी दूरच्या गुहेतून यावा तसा तिच्या आवाजाचा धूसर पडसाद मात्र आला आणि गेला.

बहिणीचा फोटो होता, पातळं होती, पण आवाज म्हणून जगात एवढीच एक सीडी होती.

"स्टुडिओवाल्यानं दोन दिल्या होत्या," राजशेखर येरझारा घालत सांगू लागला. "एक आईच्या आवाजाची. दुसरी नुसत्या वाद्यांची, सरावासाठी. स्टुडिओ कवाच बंद पडलाय. कॉपी करू, करू म्हणता राहून गेली."

"सकाळी ही बया कपाटापाशी उभी होती, हातात सीडी घेऊन," मल्लिनाथ म्हणाले. 'बया' म्हणजे सून महेश्वरी. "हिला उद्या गायचं होतं. म्या न्हाय म्हणलं. उद्या माझ्या गौराचाच आवाज वाजंल, दुसऱ्या कुणाचा न्हाय. मग हिनं काय केलं? सीडी बदलली. आचाऱ्यासमोर, मांडववाल्यासमोर सांगितलं तिला, सीडी दे, न्हायतर माहेरी जा."

"मग?"

"मग काय? तिनं भावाला फोन लावला. तामलवाडीहून निघालाय. दिवस मावळायच्या आत येतोय न्यायला."

शिवकांतानं घड्याळाकडं नाही, खिडकीकडं पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं. एकदा सून चोर म्हणून उंबऱ्याबाहेर गेली, की पुढं कितीही चौकश्या करा, ते घर पुन्हा सांधत नाही. अशी घरं तिनं नोकरीत लई पाहिली होती.

तिनं मशिनमधून सीडी बाहेर काढली आणि खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिली. मग मल्लिनाथांसमोर धरली.

"दाजी, रोज पूजेनंतर ह्या सीडीला विभूतीचं बोट कोण लावतं?"

"मीच. दुसरं कोण लावणार?"

"मग ही तुमचीच बोटं हायत. बघा."

सीडीच्या वरच्या अंगाला पांढरे पट्टे होते. ओल्या बोटानं रोज लावून लावून ते घट्ट बसले होते. शिवकांतानं नखानं खरवडले तरी निघाले नाहीत. महेश्वरीकडून आणवलेली दुसरी सीडी कोरी करकरीत होती.

"एका रात्रीत लावलेली विभूती फुंकरीनं उडती," ती म्हणाली. "सीडी बदललेली न्हाय. माल जाग्यावर हाय."

"अन् ह्या सीडीवरचं पुसता बी येत न्हाय," राजशेखर पुटपुटला.

म्हणजे चोरी झालीच नव्हती, आणि तरीही अक्का गेली होती.

२

महेश्वरी मागच्या खोलीत बसली होती. रडत नव्हती. कणकेचे हात पदराला पुसत होती, आणि ते केव्हाच कोरडे झाले होते.

"मावशी, तुम्ही बी चौकशी करायला आलाव का?"

"व्हय. सवय हाय. काल संध्याकाळपासून सांग."

"काल संध्याकाळी अप्पा मठात गेले. आमी दोघं उमरग्याला, साड्या आणायला. घराला कुलूप न्हवतं, मांडवाचं सामान यायचं होतं. सकाळी अप्पांची पूजा व्हायच्या आधी मी सरावाची सीडी कपाटात ठेवायला गेले. तेवढंच अप्पांनी बघितलं. मग सिस्टीम लावली, आणि आत्यांचा आवाज न्हाय." सासऱ्याला ती अप्पा म्हणायची आणि सासूला आत्या.

"गायचं होतं तुला?"

"होतं. आत्यांनीच शिकवलं मला. लग्न होऊन आले तेव्हा घरात करमायचं न्हाय, तर भाकरी थापता थापता शिकवायच्या." ती थांबली. "ह्यांनी नव्या वायरी टाकल्या ना, तवापासून तर आत्या इथंच चुलीपाशी बसल्यासारख्या वाटायच्या. श्वास घेतलेला कळायचा. मी तवा तसाच ठेवून ऐकत उभी राहायची. आणि मीच चोर?"

शिवकांताला वाटलं, हिला जवळ घ्यावं. पण एकदा जवळ घेतलं की चौकशी संपते, हेही तिला ठाऊक होतं.

"घरात अजून कोण असतं?"

"श्रीशैलकाका. पण ते चार-सहा दिवस शेतातच झोपायलेत. हरभऱ्यात रानडुकरं येतात म्हणून. डबा मीच पाठवते."

"नव्या वायरी कुणी टाकल्या म्हणालीस?"

"आणल्या ह्यांनी. टाकल्या धोंडीबानं."

३

गावचा वायरमन धोंडीबा मांडवाच्या खांबावर चढून दिव्यांच्या माळा बांधत होता. गावातल्या निम्म्या पाणमोटारींच्या स्टार्टरच्या पेट्या त्याच्याच हातच्या. शिवकांतानं खालूनच विचारलं, कारण तो खाली उतरेपर्यंत थांबायचा तिला धीर नव्हता.

"वायरी तू वढल्यास?"

"व्हय बाईसाब. जुनी वायर म्हंजी सुतळी वो. दिव्याच्या माळेची बरी. एका स्पीकरला तर उलटीच जोडलेली. राजूअण्णांनी सोलापुरास्न करंगळीएवढी जाड आणली, लाल-काळी. पुण्यस्मरणाला पाव्हणं येणार, पायात नको म्हणून भिंतीतल्या पायपातून घ्या म्हणले."

"मग?"

"पायपात चार तारा बसंनात. मग दोन लाल नेल्या अन् काळी एकच. पलीकडं डब्यात तिचे दोन फाटे काढले. घरात बी तसंच असतंय की, फेज वेगळी अन् न्यूट्रल सगळ्याचं एक. आन् वाजलं कसं म्हणता. तावदानं हादरली."

"राजूला सांगितलंस, काळी एकच हाय म्हणून?"

धोंडीबानं माळेची गाठ पुन्हा सोडली. "त्येंनी इचारलं न्हाय."

तेवढ्यात मोटारसायकल आली. मागं केळीच्या पानांचा भारा, पुढं श्रीशैल. मल्लिनाथांचा धाकटा भाऊ, पिळदार मिशा, एकटा जीव. सगळ्या गावाची टिंगल करणारा गडी. पाल पाहून कोण किंचाळलं, ढग गडगडले की कोण पोथी काढतं, सगळ्यांच्या नकला याच्याकडं तयार.

"आलं का पोलीस खातं," तो हसला. "आता आचाऱ्याचं काय खरं न्हाय, ताई. तूप मोजून घ्या त्येच्याकडून."

"तुमची बी जबानी घ्यायचीय, भावजी. काल कुठं होता?"

"शेतात. काल दुपारपासून आत्ता येऊ लालोय. डुकरानं वैताग आणलाय."

महेश्वरीनं चहा आणला. श्रीशैल आत आला नाही. दाराच्या चौकटीत, बरोबर तुळईखाली उभा राहून त्यानं कप घेतला. सुनेच्या तोंडाकडं मात्र पाहिलं नाही.

"सुनंला चोर ठरवलंय तुमच्या भावानं. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं?" त्यानं चहा बशीत ओतला. "वहिनीचा आवाज गेला ते वाईट झालं. ती गडगड बी गेली, घर कसं गप झालंय. उद्या पाव्हण्यांना जेवू घालू अन् मोकळं होऊ."

शिवकांता घरात वळली तेव्हा तिच्या मनात काहीतरी कुसळासारखं टोचत होतं, आणि काय टोचतंय ते सापडत नव्हतं.

४

"राजू, दुसरी एखादी सीडी आण. निस्त्या बोलण्याची."

राजशेखरनं मठातल्या स्वामीजींच्या प्रवचनाची सीडी काढली. त्यात पेटी नाही, तबला नाही. स्वामीजी आणि माईक एवढंच. ती मशिनमध्ये घातली. आकडे पळू लागले, आणि घरात चिडीचूप. आवाज वाढवला तरी जेमतेम खुसपुस.

"दाजी," शिवकांता म्हणाली, "स्वामीजींचा आवाज बी सुनंनंच पळवला का?"

मल्लिनाथांनी रिमोट बाजूला ठेवला.

कपाट पुढं ओढायला दोघांना जोर लावावा लागला. मागं धूळ, कोळिष्टकं आणि तीन जाड तारा. दोन लाल तारा आपल्या जागी होत्या. काळी मात्र उजव्या स्पीकरच्या जागेतून सुटून खाली लोंबत होती, आणि तिच्या उघड्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून वर गाठ मारलेली.

"तार आपसूक सुटली असती तर तिनं गाठ मारून घेतली नसती," शिवकांता म्हणाली. "आन् ती धरायची टोपी बघ, मोकळीच पिळून घट्ट केलीय. नीटनेटका माणूस हाय."

राजशेखर तारांपाशी वाकला. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "एकच काळी? धोंडीबानं दोन्ही स्पीकरांची काळी एकच केली? मावशी, म्हणून झालं हे. ती एक काढली, की दोन्ही स्पीकर एकमेकांच्याच गळ्यात पडतात. मग दोन्हीकडं जे सारखं, ते ऐकूच येत न्हाय. जे वेगळं, तेवढंच उरतं. पेटी डावीकडची, तबला उजवीकडचा, म्हणून ते राहिले. गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडं सारखा असतो."

"म्हणजे अक्का हाय सीडीत?"

"हाय मावशी, आई हाय." त्यानं तारेला हात घातला तशी शिवकांतानं मनगट धरलं.

"थांब. आवाजाशिवाय अजून काय जातं?"

"खालचा जाड आवाज जातो. तो बी दोन्हीकडं सारखाच असतो. तबल्याचा घुमारा जातो. नव्या वायरीनं गडगडायचं ना, ते."

शिवकांताच्या मनातलं कुसळ निघालं. सकाळपासून घरात सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती, आवाज गेला. गडगड गेली असं कुणीच म्हणालं नव्हतं, कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. एकाच माणसाला ते ठाऊक होतं, आणि तो माणूस काल दुपारपासून घरी आलाच नव्हता म्हणे.

"राजू, श्रीशैलची खोली कुठली?"

"ही काय, भिंतीपलीकडं. ह्या उजव्या स्पीकरच्या मागं."

५

खोली लहान होती. खाटेवर गादी नव्हती, ती शेतावर गेली होती. कोपऱ्यात जमिनीवर एक तांब्या पालथा घातला होता, आणि त्याच्या बुडावर स्टीलचा पेला, काठावर तोललेला. नुसता धक्का लागला तरी पडेल असा.

शिवकांतानं हे पूर्वी पाहिलं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांत माणसं असंच करून झोपायची. जमीन हलली, की पेला वाजेल आणि बाहेर पळता येईल. पण शेडं गेली, गाव नव्यानं बसलं, त्या वेळची पोरं बाप झाली. इथं हा पेला अजून उभाच होता.

"जोड तार," ती भिंतीपलीकडच्या राजूला ओरडली. "लाव."

पेटी वाजली. मग तबल्याच्या डग्ग्यावर थाप पडली. ती थाप भिंतीतून आली, फरशीतून आली, शिवकांताच्या तळपायाला लागली. पेला थरथरला, तांब्यावरून घसरला आणि खणखणत फरशीभर लोळत गेला.

आणि त्याच क्षणी पलीकडून अक्का गायला लागली.

शिवकांता खाटेच्या लाकडावर बसली. दिवसभरात पहिल्यांदा बसली. बहीण गात होती, आणि तिच्या डोळ्यांसमोर बहीण नव्हती. त्र्याण्णवच्या बंदोबस्ताला ती नवी भरती होऊन इथंच आली होती. ढिगाऱ्यातून काढलेला अक्काचा शाळकरी दीर दिवसभर जमिनीला कान लावून पडून होता. कुणी हात लावला की म्हणायचा, गप, येऊ लालंय, म्हणजे भूकंप पुन्हा येतोय. तिनं त्याला पाणी पाजलं होतं. पुढं अक्काच्या घरी येणंजाणं वाढलं, तो पोरगा मिशा पिळत लोकांच्या नकला करायला लागला, आणि तीही विसरून गेली.

तिला स्वतःचाच राग आला. मग आठवलं, रागवायला वेळ नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं.

६

तिनं सगळ्यांना बैठकीत बोलावलं. महेश्वरीलाही. श्रीशैल पुन्हा चौकटीतच उभा राहिला.

"ऐका," शिवकांता उभ्यानंच म्हणाली. "सीडी बदलली न्हाय, पुसली न्हाय. मागची एक तार कुणीतरी काढली. ज्यानं काढली त्याला अक्काचा आवाज घालवायचा न्हवता. सिस्टीममधलं कळणारा असता तर त्यानं खालचा जाड आवाज बारीक करायचं बटण फिरवलं असतं. ह्यानं पाणमोटारीच्या हिशेबानं केलं. लाल तार करंटाची, तिला हात लावायचा न्हाय. काळी काढायची, अन् टोक उघडं ठेवायचं न्हाय, त्याला प्लास्टिक बांधायचं. शेतकऱ्याचा हात हाय तो."

"मग धोंडीबा," मल्लिनाथ म्हणाले.

"धोंडीबाला ठाऊक होतं काळी एकच हाय. ती काढली तर सगळंच बिघडणार. हे ज्याला ठाऊक न्हवतं त्याचं हे काम. त्याला वाटलं, एक स्पीकर गप होईल. फक्त उजवा. त्याच्या उशाकडचा."

ती एवढं बोलली आणि गप्प झाली. नाव तिच्या जिभेवर होतं. पण तीस-बत्तीस वर्षं ज्यानं झाकून ठेवलं, त्याचं ते दुसऱ्यानं उघडं करू नये, असं तिला मनापासून वाटलं. बाहेर आचाऱ्याचा झारा वाजत होता. मोटारसायकलचा आवाज रस्त्यावरून जवळ येत होता. तामलवाडीचा पाहुणा पोचत होता.

"मी काढली," श्रीशैल म्हणाला.

मल्लिनाथ वळले. "तू? गौरानं तुला पोटच्या पोरासारखं..."

"म्हायतंय मला." श्रीशैलनं चौकट घट्ट धरली होती. "पहिल्या दिवशी नव्या वायरीवर वाजलं ना दादा, म्या बिनचपलेचा बाहेर पळालो. पार रस्त्यापर्यंत. कुणी बघितलं न्हाय म्हणून वाचलो. रोज सकाळी तेच. पहिल्यांदा खालून गुरगुर, मग भिंत. शेतात झोपायला गेलो, तर उद्याच्यासाठी राजू म्हणला अजून मोठ्यानं लावू. काल कुणी न्हवतं, तार काढली. लावून बघितलं. पेटी वाजली, गडगड न्हवती. वहिनी सुरू व्हायच्या आत बंद करून गेलो. वहिनी जाईल असं ठाऊक असतं तर हात तुटला असता तरी..."

"मग सकाळी का न्हाय बोललास?" मल्लिनाथांचा आवाज आता चढलेला नव्हता.

"कसं बोलू? गडगडलं की कोण भितंय म्हणून लोकांना मीच हसतो. अन् मीच सांगू, मला झोप येत न्हाय म्हणून?"

मल्लिनाथ उठले. भावापाशी गेले आणि त्याचा दंड धरून उभे राहिले. "भूकंपात आमचे आई-अप्पा गेले, अन् ह्याला म्या हातानं उकरून काढलं," ते कुणाला सांगत होते कोण जाणे. "ह्यो कधी रडला न्हाय. मला वाटलं, विसरला."

श्रीशैलनं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड झाकलं. राजशेखरनं मुकाट्यानं सिस्टीमचं खालच्या आवाजाचं बटण पार शून्यावर नेऊन ठेवलं.

महेश्वरी तशीच उभी होती. तिचा भाऊ गौरीशंकर दारात येऊन थबकला, कुणी या म्हणेना म्हणून बाहेरच राहिला.

"काका," ती म्हणाली, "मला सांगितलं असतं तर म्या रोज सकाळी बारीक केलं असतं. कुणाला का म्हणून विचारू बी दिलं नसतं."

श्रीशैलनं मान वर केली नाही. "चुकलं, पोरी," एवढंच पंच्याआडून आलं.

मल्लिनाथांनी गौरीशंकरला पाहिलं, दारातली बॅग पाहिली. मग सुनेपुढं हात जोडले. "महेश्वरी, आत ने ती बॅग. चूक माझी हाय."

घरातल्या सगळ्यांना वाटलं, मिटलं. शिवकांतालाही वाटलं.

"उद्याचं सगळं करीन, अप्पा. आत्यांचं हाय ते," महेश्वरी म्हणाली. "पण परवा मी माहेरी जाणार. आचाऱ्यासमोर, मांडववाल्यासमोर चोर म्हणालाव मला. न्यायला ह्यांना पाठवू नका, काकांना पाठवू नका. तुम्ही या. आमच्या तामलवाडीत, चार माणसांत येऊन म्हणा, माझी सून न्यायला आलोय."

मल्लिनाथांनी मुलाकडं पाहिलं, शिवकांताकडं पाहिलं. मदतीला कुणीच आलं नाही.

"येतो," ते म्हणाले.

"आणि उद्या आत्यांच्या आधी एक पद मी म्हणणार."

तिनं या वेळी विचारलं नव्हतं. मल्लिनाथांनीही परवानगी दिली नाही, नुसती मान हलवली. महेश्वरी दारात जाऊन भावाला म्हणाली, "ये आत, चहा टाकते," आणि बॅग तिथंच ठेवून स्वयंपाकघरात गेली.